वाडीचा कुत्रा, अर्ध्या मालकीचा

राजापूर तालुक्यात कुत्र्यांच्या बातम्या ऋतुमानाप्रमाणे येतात. दिवाळी आटोपली की कोणाच्या तरी मांगरात मादी व्यायल्याचं कानावर येतं. मार्गशीर्ष-पौषात ‘पिल्लू हवंय का?’ अशी विचारणा सुरू होते, आणि विचारणारा ‘नर आहे हां’ हे पहिल्या वाक्यातच सांगून टाकतो. आंब्याला मोहोर आला की कोणाचा कुत्रा वानरांवर चांगला जातो याची चर्चा होते. पावसाच्या तोंडावर गोचिडाचा ताप, भर पावसात पायाच्या बोटांमधली सडलेली कातडी. बारमाही अशी बातमी एकच: काल रात्री वाघराने मोत्याला नेलं. गिरणीत दळण होईपर्यंत, ओणीच्या तिठ्यावर एसटीची वाट बघताना, मासळीच्या पाटीभोवती ही देवाणघेवाण चालते. तिच्यात माहिती भरपूर असते, निरीक्षण बारीक असतं आणि भलत्या समजुतीही तितक्याच असतात. ज्याच्याबद्दल हे बोलणं चाललंय तो कुत्रा नेमका कोणाचा, हे मात्र त्यात क्वचितच ठरतं. माझ्या मते राजापुरातल्या कुत्र्यांचा अख्खा प्रश्न, पिल्लांपासून पिसाळण्यापर्यंत, या न ठरलेल्या गोष्टीत अडकला आहे.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे मोजले गेले; महाराष्ट्राचा आकडा पावणेतेरा लाखांच्या आसपास होता. गणनेत पाळीव एका रकान्यात, भटके दुसऱ्यात. मुंबई-पुण्यात ही विभागणी कशीबशी चालून जाते. कोकणातल्या वाडीवर ती चालत नाही. खळ्यात पसरलेल्या कुत्र्याकडे बोट करून ‘तुमचाच का?’ असं विचारलं तर ‘असतो हो आमच्याकडेच’ असं उत्तर मिळतं, आणि ते अगदी खरं असतं. तो असतो. सकाळी एका घरी पेज, दुपारी दुसऱ्या घरी बांगड्याची मुंडकी, रात्री तिसऱ्या घराच्या पडवीत झोप. वरच्या घरी त्याचं नाव काळू, खालच्या घरी टायगर, आणि तो दोन्ही नावांना ओ देतो. रात्री भुंकून तो सगळ्या वाडीची राखण करतो, म्हणून सगळ्यांचा. कोणाला चावला की मात्र त्याच संध्याकाळी कोणाचाच नसतो. लसीचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न तर निघतच नाही.

याला घरांची कुलपंही कारण आहेत. तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांमध्ये दहातली चार-पाच घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद असतात. उरलेल्या घरांत सत्तरीच्या पुढची माणसं. घराला घर लागून नाही, मध्ये आगर, गडगा, पाणंद. अशा ठिकाणी कुत्रा म्हणजे हौस नव्हे. तो अंधारात कोण आलं ते सांगतो, जनावर आलं की माणूस आलं हे भुंकण्याच्या सुरावरून कळतं, आणि एकट्या म्हातारीला बोलायला कोणीतरी असतं. हाच कुत्रा गणपतीत पाच दिवस चाकरमान्यांच्या मुलांचा लाडका होतो, मटणाची हाडं खातो, फोटोत येतो. गौरी-विसर्जनानंतर गाड्या निघाल्या की पुन्हा पेजेवर येतो.

भाद्रपद हा कुत्र्यांचाही महिना, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. शिव्यासुद्धा त्यावर आहेत. लोकांच्या या निरीक्षणाला अभ्यासाचाही आधार आहे. पश्चिम बंगालमधल्या मोकळ्या कुत्र्यांच्या नोंदींतही वीण पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर, तर पिल्लं थंडीत, असाच क्रम दिसतो. घरातली जातिवंत मादी सहा-सात महिन्यांनी, कोणत्याही ऋतूत माजावर येते. गावठी मादी बहुधा वर्षातून एकदा, ठरल्या वेळी. गर्भ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे भाद्रपदाचा हिशेब कार्तिक-मार्गशीर्षात पुरा होतो. पाऊस संपलेला, गवताची उडवी रचलेली, मांगरात कोरडी जागा. मादीने निवडलेली वेळ चुकीची नसते.

पुढचा हिशेब मात्र कठोर आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रजननाच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण सात महिन्यांपर्यंत, फक्त १९ टक्के पिल्लं पोचली. जी गेली त्यांपैकी ६३ टक्क्यांच्या मरणात माणसाचा हात होता: गाडीखाली येणं, विष, मारहाण, आईपासून उचलून नेणं. शेवटचं कारण वाचून थांबायला होतं, कारण उचलून नेणाऱ्याचा हेतू पुष्कळदा चांगला असतो. याच गटाने मोकळ्या कुत्र्यांमध्ये आजीने नातवंडांची काळजी घेतल्याची नोंदही केली आहे. राजापुरातल्या कुठल्याही गिरणीवाल्याने ती वाचून ‘त्यात काय नवीन?’ असं म्हटलं असतं.

आता पिल्लू देणाऱ्याच्या पहिल्या वाक्यातल्या ‘नर आहे हां’कडे वळू. नर मागणीला असतो, मादी नको असते, कारण मादी व्याली की पिल्लांची वासलात लावायची कोणी? मग चार-पाच पिल्लांतले नर वाटले जातात आणि माद्या पोत्यातून बाजारपेठेच्या कडेला, मच्छीमार्केटजवळ, महामार्गावरच्या हॉटेलामागे जातात. ‘तिथे खायला मिळेल’ हे समर्थन. तिथे खरोखरच खायला मिळतं. वाचलेली मादी वर्षभरात वयात येते आणि पुढच्या थंडीत तिची स्वतःची पाच पिल्लं असतात. दरवर्षी वेचून वेचून माद्याच बाजारात नेऊन सोडायच्या आणि मग बाजारात कुत्री वाढली म्हणून नगरपरिषदेत अर्ज द्यायचा, असा हा उद्योग आहे. राजापूर शहर अर्जुना-कोदवलीच्या खोबणीत बसलेलं. पावसात नदी जवाहर चौकात आली की ही कुत्री दुकानांच्या पायऱ्यांवर गोळा होतात आणि तेव्हाच त्यांची संख्या डोळ्यांत भरते. पण त्यांचं मूळ शहरात नसतं, वाड्यांवर असतं.

पिल्लू आणण्याच्या वयाबद्दलही आपल्याकडे घाई आहे. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, चौथ्या आठवड्यात पिल्लू दुडदुडायला लागतं, आणि तेव्हाच ते सगळ्यात गोड दिसतं. मग चार-पाच आठवड्यांचं पिल्लू टोपलीतून घरी येतं, रात्रभर रडतं, गाईच्या दुधाने त्याला ढाळ लागते. पाळीव कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. वाडीवर विक्री नसते, देणं-घेणं असतं, पण कारण तेच लागू पडतं. आई आणि भावंडांबरोबरच्या त्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पिल्लू चावणं कुठे थांबवायचं ते शिकतं. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ बंद होतो. हा धडा माणसाला देता येतो, पण हाताला ओरखडे घेऊन.

त्याच वेळी दुसरी खिडकी उघडी असते. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांवर काम केलं. त्यांचं पुस्तक १९६५ चं. त्याच प्रयोगशाळेतल्या १९६१ च्या एका प्रयोगात काही पिल्लं कुंपणाच्या आत माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली. ज्यांची माणसाशी पहिली गाठ चौदाव्या आठवड्यात पडली, ती पुढे माणसाळली नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लू जे बघेल, हुंगेल, ऐकेल ते त्याच्या जगात सामील होतं. नंतर येतं ते आधी भीतीच्या वाटेने येतं. राजापूरच्या हिशेबात बसवायचं तर या नऊ-दहा आठवड्यांत पिल्लाला छत्री, एसटी, गाईचं शिंग, टोपीवाला पोस्टमन, बुरख्यातली बाई, रडणारं मूल, फटाका आणि मोटारसायकल यांची ओळख हवी. ओळख म्हणजे लांबून, खाऊ खात, भीती न दाखवता. जे पिल्लू या काळात मांगराच्या खांबाला बांधलेलं असतं, ते दोन वर्षांनी मोटारसायकलवाल्याच्या पोटरीला लागतं, आणि मग ‘जातच तापट’ असं त्याचं निदान होतं.

तापट करण्याचे उद्योगही हौसेने होतात. पिल्लाची शेपटी छाटली की ते कडवं होतं, तिखट चारलं की रागीट होतं, अंधारात ठेवलं की राखणीला चांगलं, अशा समजुती अजून ऐकू येतात. छाटाछाटी हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे एक. दुसरं असं की शेपटी हे कुत्र्याचं बोलण्याचं साधन आहे. ती कापलेला कुत्रा मनातलं दुसऱ्या कुत्र्याला नीट सांगू शकत नाही आणि त्यातून भांडणं वाढतात. घाबरलेला आणि दुखावलेला कुत्रा लवकर चावतो, यात राखणदारी कुठे आली? चांगला राखण्या भुंकतो, जागा धरून राहतो आणि मालकाने हाक मारली की गप्प होतो. हे तिन्ही गुण भीतीतून येत नाहीत.

शिकवण्याच्या बाबतीत गाव आणि शहर दोघंही एकाच जुन्या कल्पनेत अडकलेत: कुत्र्याला ‘मालक कोण’ ते दाखवून दिलं पाहिजे. गावात त्यासाठी काठी, शहरात काट्यांचा पट्टा आणि इंग्रजी हुकूम. या कल्पनेचं मूळ १९४७ च्या एका अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांची वर्चस्वासाठीची मारामारी पाहिली आणि तीच लांडग्यांची रीत मानली गेली. तिला लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच, यांनी १९९९ मध्ये ती स्वतःच दुरुस्त केली: रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे गादीसाठी लढाई चालत नाही. कुत्रा तर लांडगाही नव्हे. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धाकाने शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं आणि लाळेतलं ताणाचं संप्रेरक जास्त आढळलं.

धाकाशिवाय कुत्रा शिकतो का, असं अजूनही विचारलं जातं. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीर या लॅब्राडोरने १९९३ च्या स्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं. वास शोधणं कुत्र्याला मार देऊन शिकवता येत नाही. ते त्याला हवंसं वाटावं लागतं. आणि अजिबात न शिकवलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय? भद्रा यांच्याच गटाने १६० मोकळ्या कुत्र्यांपुढे झाकलेली भांडी ठेवून त्यांतल्या एकाकडे बोट दाखवलं. जवळपास निम्मे घाबरून पुढेच आले नाहीत. पण जे आले त्यांच्यातल्या सुमारे ८० टक्क्यांनी अनोळखी माणसाच्या बोटाचा अर्थ बरोबर लावला. मला यातले न आलेले निम्मे जास्त महत्त्वाचे वाटतात. अक्कल बहुधा दोन्हीकडे सारखीच होती, फरक आधीच्या अनुभवाचा असावा.

वाडीवरच्या कुत्र्याला बसणं, हात देणं शिकवायची गरज नाही. त्याला हाकेसरशी परत येणं, तोंडातली वस्तू सोडणं, आणि गाडीमागे न धावणं एवढं आलं तर पुष्कळ झालं. पहिलं पिल्लूपणी पाच मिनिटांच्या खेळातून येतं: हाक, आला की सुक्या जवळ्याची चिमूट. अट एकच, हाक मारून कधी मारायचं नाही. परत आल्यावर फटका खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी लांबूनच बघतो आणि आपण त्याला निर्लज्ज म्हणतो. तीन घरं सांभाळणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. एका घरी ज्याबद्दल खाऊ मिळतो त्याबद्दल दुसऱ्या घरी पायतण बसतं. शिकवणीला एकवाक्यता लागते आणि अर्ध्या मालकीत तीच नसते.

जातिवंत कुत्र्यांबद्दल थोडक्यात. लातूरकडची कारवान आणि पश्मी, सीमेपलीकडचा मुधोळ ही आपल्या मुलखातली खरी देशी धन. मुधोळ, राजपालयम आणि चिप्पीपराई या तिघांची भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या करनालच्या संस्थेने देशी जाती म्हणून नोंद केली. पण ही पठारावरची, मोकळ्या माळावर धावणारी जनावरं. कोकणच्या आगरात गावठीच बरा: आखूड केस, ओलाव्याला सरावलेला, बेताच्या खाण्यावर राहणारा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये न मावलेले लॅब्राडोर आणि हस्की ‘गावी मोकळं राहील’ म्हणून आईवडिलांकडे आणून सोडणं ही मात्र क्रूर मेहेरबानी आहे. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या दाट केसांत गोचीड भरतात, कातडी ओली राहून चिघळते, आणि ज्यांच्या गळ्यात तो पडतो त्या म्हाताऱ्यांना त्याला ओढत दवाखान्यात नेणंही झेपत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाईगुरांसाठी उभे राहिले. कुत्र्याची मोठी शस्त्रक्रिया किंवा एक्स-रे म्हटलं की रत्नागिरी, नाहीतर अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर.

आजारांत राजापूरची स्वतःची यादी आहे. कातळसड्यावर फुरसं, पाचोळ्यात नाक घातलेला कुत्रा सुजलेलं तोंड घेऊन घरी येतो आणि दंश कळेपर्यंत तास उलटलेला असतो. चिखलातून लेप्टो, जो कुत्र्याला होतो आणि त्याच्या मुतातून माणसालाही. पिल्लांना पार्व्हो: १९७८ च्या सुमाराला जगभर पसरलेला हा विषाणू एका थंडीत वाडीतली सगळी पिल्लं नेऊ शकतो, रक्ताची हगवण, दोन दिवसांत डोळे खोल. त्यावरची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते, तिच्यातच बहुधा लेप्टोचाही भाग असतो. तीन महिन्यांना रेबीजची लस आणि मग दरवर्षी. या एवढ्या सुया वेळेवर टोचून घ्यायला पिल्लाला एक पूर्ण मालक लागतो.

कामाचा कुत्रा म्हणजे मुख्यतः बागेतला. आंबा-काजूच्या बागायतदाराला आज सगळ्यात मोठा त्रास वानर-माकडांचा, मग रानडुकराचा. बांधलेल्या कुत्र्याचा वानरांवर उपयोग आठवडाभर होतो. तेवढ्यात त्यांना साखळीची लांबी कळते आणि तिच्या पलीकडच्या कलमावर ती निवांत बसतात. मोकळा कुत्रा खरं काम करतो, पण तो बागेच्या हद्दीत थांबत नाही. तो सशामागे जातो, मोराची अंडी खातो आणि किनाऱ्याजवळ असला तर आणखी एक उद्योग करतो. राजापूरच्या माडबन आणि वेत्येच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. वास लागला की कुत्री आणि कोल्हे रातोरात घरटं उकरतात. म्हणून गावातले कासवमित्र आणि वनविभाग अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरतात. शेकडो मैल पोहून आलेल्या मादीची मेहनत कोणाच्या तरी ‘असतो हो आमच्याकडेच’ कुत्र्याने सकाळच्या न्याहारीत संपवावी, हे मला रानातल्या कोल्ह्याने संपवण्यापेक्षा जास्त टोचतं. कोल्हा निदान कोणी पोसलेला नसतो.

आणि वाघरू. कोकणात बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. तो ऊसपट्टा आहे, राजापूर नव्हे. पण इथे गोठे रिकामे होत चाललेत, गुरं कमी, शेळ्या मोजक्या, आणि घरामागच्या रानात वाटेवर सहज सापडणारं भक्ष्य उरतं ते कुत्र्याचं. कुत्र्याच्या मागे धावताना कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला बिबट्या आणि पिंजरा सोडून त्याला वर काढणारे वनविभागाचे लोक, ही रत्नागिरी जिल्ह्यातली नेहमीची बातमी. गाय-शेळी मारली तर पंचनामा होऊन भरपाई मिळते, कुत्र्याची मिळत नाही. साखळीला बांधून खळ्यात ठेवलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेलं ताट आहे. रात्री त्याला पडवीत दार लावून घ्यावं, नाहीतर निदान मोकळा ठेवावा, एवढंच करता येतं. पण दार लावून घेण्यासाठी तो कोणाच्या पडवीतला हे ठरलेलं हवं.

मुंबईतल्या बिबट्यांवरच्या २०१८ च्या एका अभ्यासाने असंही मांडलं की ते वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खात असावेत, आणि त्यामुळे शहरातले कुत्राचावे आणि रेबीजचा धोका कमी होतो. हिशेब बरोबर असेल. तरी रेबीजचं नियंत्रण बिबट्यावर सोपवणं कुठल्या आरोग्यखात्याला शोभेल असं मला वाटत नाही.

रेबीजवर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात महागात पडणारं अज्ञान इथे आहे. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं या रोगाने मरतात असा अंदाज मांडला जातो. भारताचा वाटा पूर्वी वीस हजारांपर्यंत धरला जाई. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीचा अंदाज वर्षाला ५,७०० च्या आसपास आहे. आकडा उतरला, तरी लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही हे बदललेलं नाही. आणि तरी चावलेला माणूस आधी हळद, चुना, तिखट शोधतो. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून बोलण्यात जिवंत आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीला बंद झाली. आता सुया दंडाला. स्नायूतली लस असेल तर पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि सरकारी दवाखान्यात फुकट. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं हा निम्मा उपचार आहे. पंधरा मिनिटं म्हणजे किती लांब, ते घड्याळ लावून बघावं. रक्त आलेलं असेल तर लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं, आणि त्याची चौकशी दवाखान्यात पोचायच्या आधी फोनवर केलेली बरी.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे फेस गाळत धावणारा, हेही अर्धंच चित्र. मुका प्रकार असतो. कुत्रा कोपऱ्यात बसतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरातला माणूस म्हणतो ‘हाड अडकलंय’, आणि मायेने तोंडात हात घालतो. हाड अडकलेला कुत्रा पंजाने तोंड खाजवत तळमळतो. मुकाट बसून लाळ गाळणारा असेल तर हात घालायचा नाही, डॉक्टरला बोलवायचं. चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा असतो. इथे पुन्हा मालकीचा प्रश्न: चावल्यावर जो कोणाचाच नसतो तो सापडत नाही, नाहीतर मारलेला असतो, आणि दोन्ही प्रकारांत दहा दिवसांची खात्री हातची जाते.

चावे बहुतेक कळण्यासारख्या कारणाने होतात. कार्तिक ते पौष, पिल्लांजवळची मादी. ताटलीवर बसलेला कुत्रा आणि जवळून रांगत जाणारं मूल. साखळीवरचा, ज्याला पळता येत नाही म्हणून चावतो. त्याआधी त्याने सांगितलेलं असतं: ओठ चाटले, जांभई दिली, मान वळवून डोळ्यांचा पांढरा दाखवला, अंग ताठ केलं. शेपटी हलते म्हणजे खूश, असंही नाही. ताठ आणि वर धरून हलणारी शेपटी हा इशारा असतो. वाडीतल्या पोरांना हे कोणी शाळेत शिकवत नाही, आणि मुलांना चावा लागतो तो पुष्कळदा तोंडावर, डोक्यावर.

शाळेतून शिकवण्याचं उदाहरण जवळच आहे. राजापूरहून काही तासांवरच्या गोव्यात ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य सरकारबरोबर घरोघरी आणि गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली, दरवर्षी लाखाच्या घरात. पाळीव-भटका असा भेद केला नाही, जाळीने पकडून, टोचून, रंगाची खूण करून सोडून दिलं. सत्तर टक्के कुत्री लसवंत झाली की संसर्गाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. बरोबर शाळांतून मुलांना धडे आणि संशयित कुत्रा कळवायला फोन. माणसांचे मृत्यू २०१८ पासून शून्यावर आले, कुत्र्यांतला रोग नव्वद टक्क्यांहून जास्त घटला, आणि २०२१ मध्ये गोव्याने स्वतःला रेबीज नियंत्रित राज्य जाहीर केलं. त्याच हवेतल्या, तशाच वाड्यांच्या, तशाच अर्ध्या मालकीच्या कुत्र्यांच्या मुलखात हे झालं. सीमा ओलांडली की तेच काम तालुक्या-तालुक्याच्या मर्जीवर.

कायद्याने या प्रश्नात दोन्ही टोकं पाहिलीत. १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला डोक्यामागे आठ आणे लावले, तेव्हा जून महिन्यात पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. २००१ च्या नियमांनी मारणं बंद करून नसबंदी, लस आणि जिथून उचलला तिथेच परत, ही रीत घातली. २०२३ च्या नियमांनी तीच पुढे नेली आणि जबाबदारी स्थानिक संस्थांवर ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतले कुत्रे कायमचे उचलायला सांगितलं, दहा-बारा दिवसांत तो आदेश बदलला, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातले कुत्रे हलवून पुन्हा तिथे सोडू नयेत असा देशभराचा हुकूम दिला. राजापूर आगार आणि राजापूर रोड स्थानक त्यात आलंच. हलवून ठेवायचे कुठे, त्यांना खायला कोणी घालायचं, हे तालुक्याच्या पातळीवर सोडवणं दिल्लीतून हुकूम देण्याइतकं सोपं नाही. पाळणाऱ्यालाही कायदा आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. म्हणून तर चावल्यावर तो कोणाचाच नसतो.

यातून वाट काढायची तर मला मादीपासून सुरुवात करणं शहाणपणाचं वाटतं. एका वाडीत माद्या दोन-तीन, फार तर चार. नरांची नसबंदी नंतर केली तरी चालेल. एक नर राहिला तरी सगळ्या माद्या गाभण राहतात, पण नसबंदी झालेली मादी व्यायची नाही. भाद्रपदाच्या आधी हे व्हायला हवं, आणि पावसात जखम सुकत नाही, म्हणून आषाढ-श्रावण बाद. उरतो मे महिना. पाऊस लागलेला नसतो, मादी पिल्लांतून मोकळी झालेली असते, चाकरमानी गावात असतात, त्यांच्या गाड्या असतात, आणि पाच-सहा दिवस मादीला बंद पडवीत ठेवायला उघडी घरंही असतात. देवळाचा हिशेब, पालखीची वर्गणी वाडी याच दिवसांत बसून ठरवते. त्याच बैठकीत कुत्र्यांची यादी करता येईल: वरच्या घराचा काळू आणि खालच्या घराचा टायगर हा एकच, तो अमक्याच्या नावावर, मादी तमक्याच्या नावावर, वर्गणी सगळ्यांची. पशुधन अधिकाऱ्याला एका गावाच्या चाळीस कुत्र्यांची यादी हातात देणं आणि ‘कुत्री फार झालीत’ असा अर्ज देणं, यांत पहिल्यावर काम निघण्याची शक्यता जास्त. लसीची फेरी मग गणपतीत, घरं पुन्हा उघडली की.